पाखराचा पिंजरा कसा निवडावा?

(पक्षी सप्ताह विशेष)



५ नोव्हेंबर ते १२ नोव्हेंबर हा आठवडा आपल्या महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. दोघांनीही आयुष्यभर पाखरे पाहिली आणि त्यांच्यावर पुस्तके लिहिली. गुरुजी म्हणाले, "या वेळची भित्तिपत्रिका पाखरांची करू. ज्याला जे माहीत आहे ते त्याने लिहावे. पुस्तकातले उतरवून आणायचे नाही." कुणी चिमणीवर लिहिले, कुणी सुगरणीच्या खोप्यावर लिहिले. मी पिंजऱ्यावर लिहिते. कारण पिंजरा निवडताना माझी एक मोठी चूक झाली. ती तुमची होऊ नये.

१. आमच्याकडे पाखरे आली

माझा मामा कराडला राहत होता. त्याची लांबच्या गावी बदली झाली. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत त्याने आपली दोन पाखरे मला दिली. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून आम्ही ती एसटीने आणली. एक हिरवे आणि एक पिवळे. हिरवा तो नर आणि पिवळी ती मादी. कसे ओळखायचे तेही मामाने दाखवले. चोचीच्या वर नाकपुड्यांपाशी एक मऊ पट्टी असते. मोठ्या झालेल्या नराची पट्टी बहुतेक निळी असते आणि मादीची तपकिरी असते. मी त्यांची नावे हिरवा आणि पिवळी अशीच ठेवली.

आपल्याकडे या पाखरांना सगळे लव्हबर्ड म्हणतात. मीसुद्धा तेच म्हणत होते. पण खरे लव्हबर्ड हे आफ्रिकेतले. आमची पाखरे ऑस्ट्रेलियातली. त्यांचे नाव बजेरिगार. लाडाने त्यांना बजी म्हणतात. बजी हा पोपटाच्याच कुळातला, पण लहान. पोपटासारखीच वाकडी चोच, आणि पायाची दोन बोटे पुढे व दोन बोटे मागे. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत तो सुमारे १८ सेंटीमीटर असतो. वजन ३० ते ४० ग्रॅम. म्हणजे गावठी कोंबडीच्या एका अंड्याएवढेच!

ऑस्ट्रेलियात फार मोठे कोरडे माळरान आहे. तिथे बजी मोठ्या थव्याने राहतात. एका जागी कायमची थांबत नाहीत. जिथे पाऊस पडेल, जिथे गवताचे बी आणि पाणी मिळेल, तिथे उडत जातात. १८४० साली जॉन गूल्ड नावाच्या पक्षितज्ज्ञाने जिवंत बजी इंग्लंडात नेले. मग लोक त्यांना पिंजऱ्यात पाळू लागले. रानातला बजी हिरवाच असतो. पिवळा, निळा, पांढरा हे रंग माणसाने पाळता पाळता तयार केले.

हे सगळे मी आधी सांगितले. कारण पिंजरा निवडताना त्या पाखराचे मूळ घर कसे होते ते आठवावे लागते. त्याचे मूळ घर म्हणजे मोकळे माळरान. आणि आपण त्याला ठेवणार एका पेटीत. मग ती पेटी नीट नको का?

२. माझी चूक

बाबा म्हणाले, "आपण सुतारकाकांकडून लाकडी पेटी करून घेऊ आणि तिला जाळी मारू." पण मला दम कुठला! आमच्या माळ्यावर एक जुना पिंजरा होता. गोल, वरून देवळाच्या घुमटासारखा, आणि टोकाला पितळी कडी. चित्रात पोपटाचा असतो ना, अगदी तस्सा. मी तो खाली काढला. फडक्याने पुसला. चिंचेने पितळी कडी घासून लखलखीत केली.

आबा म्हणजे माझे आजोबा ओट्यावर बसून बघत होते. ते म्हणाले, "पोरी, तो नको घेऊस."

मी विचारलं, "का हो आबा?"

आबा काही बोलले नाहीत. मी हट्टच धरला. मला तोच पिंजरा छान दिसत होता. शेवटी बाबा म्हणाले, "असू दे, चार दिवस ठेव."

दोन दिवस पाखरे त्यात होती. ती उडत नव्हती. एका दांडीवर एकमेकांना चिकटून बसायची. मला वाटलं, किती शहाणी पाखरे आहेत! तिसऱ्या दिवशी पहाटे आईने हाक मारली. तिचा आवाज वेगळाच होता. मी पळत गेले. पिवळीने रात्री कधीतरी दोन सळ्यांच्या मधून डोके बाहेर घातले होते. डोके बाहेर गेले, पण परत आत येईना. धडपडून धडपडून ती गेली होती. हिरवा तिच्याजवळ पिंजऱ्याच्या तळाशी बसला होता.

मी खूप रडले. परसातल्या पेरूच्या झाडाखाली आम्ही पिवळीला पुरले.

संध्याकाळी आबांनी मला जवळ बसवले आणि त्या पिंजऱ्याची गोष्ट सांगितली. ती त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती. १९६७ सालच्या सुमारास आबा माझ्याएवढे होते. त्यांनी झाडाच्या ढोलीतून पोपटाचे पिल्लू काढून आणले होते. ते याच पिंजऱ्यात तीन वर्षे राहिले. चांगले बोलायचे. एकदा दार उघडे राहिले. आबांना वाटलं, आता हा भुर्रकन उडून जाणार. तो दारात आला, त्याने पंख पसरले आणि दगडासारखा अंगणात पडला. तीन वर्षांत त्याला पंख पुरते पसरायला जागाच मिळाली नव्हती. आबा धावले, पण त्यांच्या आधी मांजर पोचले.

आबा म्हणाले, "त्या दिवशी तो पिंजरा मी माळ्यावर टाकला. मोडायला हवा होता. मोडला नाही ही माझी चूक."

मी म्हणाले, "आबा, चूक माझी आहे. तुम्ही मला नको म्हणाला होता."

आबा म्हणाले, "नुसतं नको म्हणून भागत नाही पोरी. का नको, ते सांगावं लागतं."

म्हणून मी हा लेख लिहिते आहे. यात मी जिथे जिथे 'नको' लिहीन, तिथे 'का नको' तेही लिहीन.

३. दवाखान्यात काय कळले

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी गुरांच्या दवाखान्यात गेलो. सोबत रिकामा पिंजरा नेला. तिथल्या डॉक्टरांनी पिंजरा हातात घेऊन फिरवून बघितला. मला वाटलं आता रागावतील. पण ते रागावले नाहीत. ते म्हणाले, "पिंजरा घेताना माणूस आपल्या डोळ्याला काय छान दिसतं ते बघतो. तू पाखराच्या अंगाने बघ. त्याचं डोकं केवढं, पंख केवढे, पाय केवढे. सगळं मोजून बघ."

मग जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी तो पिंजरा शाळेत आणला. गुरुजींनी आणि मी तो मोजला. त्यासाठी फार साहित्य लागत नाही. आपल्या दप्तरातच सगळे असते. एक ३० सेंटीमीटरची फूटपट्टी, दोन पेन्सिली आणि गणिताची चौकटीची वही. आता एकेक मोजमाप सांगते.

४. दोन पेन्सिलींची परीक्षा

पहिल्यांदा सळ्यांमधले अंतर बघावे. बजीसाठी हे अंतर १२ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. का नको? कारण जास्त असले तर पाखरू डोके बाहेर घालते. डोक्याच्या मागे पिसे उलटी फिरतात आणि डोके परत येत नाही. माझ्या पिवळीचे असेच झाले.

आपली पेन्सील सुमारे ७ मिलिमीटर जाड असते. दोन पेन्सिली शेजारी शेजारी धरल्या तर १४ मिलिमीटर होतात. त्या दोन्ही मिळून सळ्यांमधून आत जात असतील, तर तो पिंजरा बजीला नको. एक पेन्सील जावी, दोन अडाव्यात. ही परीक्षा दुकानात उभ्या उभ्या करता येते.

आबांच्या पिंजऱ्यात दोन पेन्सिली सहज गेल्या. पट्टीने मोजले तर अंतर २० मिलिमीटर भरले. तो पिंजरा मोठ्या पोपटासाठी केलेला होता. म्हणजे पिंजरा पक्का होता, सळ्याही मजबूत होत्या. पण ज्याच्यासाठी केला त्याच्यासाठीच तो होता. दुसऱ्याचा सदरा आपल्याला बसत नाही, तसेच हे आहे.

५. फूटपट्टीची परीक्षा

बजीने दोन्ही पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे ३० सेंटीमीटर होतात. म्हणजे बरोबर आपली फूटपट्टी! आता फूटपट्टी पिंजऱ्यात आडवी धरा आणि गोल फिरवा. ती कुठेही अडायला नको. का? कारण ती जिथे अडेल तिथे पाखराचा पंख आपटेल. पंख आपटला की पिसे मोडतात. मग पाखरू पंख उघडायचेच सोडून देते.

आबांचा पिंजरा आतून २८ सेंटीमीटर होता. त्यात फूटपट्टी आडवी मावलीच नाही. तिरकी करून घालावी लागली. तेव्हा मला कळले की माझी पाखरे शहाणी म्हणून गप्प बसत नव्हती. त्यांना जागाच नव्हती.

पण फूटपट्टी नुसती फिरली म्हणजे पुरे झाले असे नाही. ती तर पंख पसरून उभे राहण्याची जागा झाली. उडायला लांबी लागते. पाखराने या टोकाच्या दांडीवरून त्या टोकाच्या दांडीवर जाताना तीन-चार वेळा तरी पंख मारले पाहिजेत. म्हणून बजीच्या जोडीसाठी पिंजऱ्याची लांबी निदान दोन पट्ट्या, आणि जमले तर तीन पट्ट्या असावी. मोठा करता आला तर आणखी चांगले. पाखराला पिंजरा कधीच फार मोठा होत नाही. फक्त जाळी बारीक हवी.

६. उंच चांगला की लांब चांगला?

हा प्रश्न मी आमच्या गल्लीत पाच जणांना विचारला. चौघे म्हणाले उंच. मीसुद्धा आधी तेच म्हटले असते. पण उत्तर आहे लांब.

पाखरू काही हेलिकॉप्टर नाही. ते जागच्या जागी सरळ वर जात नाही. ते आडवे उडते. आबांचा पिंजरा ५० सेंटीमीटर उंच होता, पण ती उंची पाखरांच्या काही उपयोगाची नव्हती. घुमट फक्त आपल्याला बघायला चांगला.

गोल पिंजरासुद्धा नको. का? गोल पिंजऱ्याला कोपरा नसतो. घाबरलेल्या पाखराला आडोशाला बसायला जागा मिळत नाही. शिवाय घुमटाच्या टोकाला सळ्या एकमेकींच्या जवळ येत जातात. त्या अरुंद फटीत नखे नाहीतर बोट अडकते. चौकोनी, म्हणजे पेटीसारखा आडवा पिंजरा सर्वांत चांगला.

गणिताच्या वहीची चौकटीची पाने चिकटवून मी त्यावर आबांचा पिंजरा ठेवला आणि भोवती पेन्सील फिरवली. मग आतल्या चौकटी मोजल्या. तळाची जागा सुमारे ६१५ चौरस सेंटीमीटर भरली. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे लागेल.

७. पिंजरा कशाचा असावा?

बजी चोचीने धरून जाळीवर चढतो. चोचीने सगळे कुरतडूनही बघतो. म्हणून पिंजऱ्याला जे लावले असेल ते त्याच्या पोटात जाते.

गंजलेला पिंजरा नको. रंग दिलेला नको, कारण काही रंगांत शिसे असते आणि शिसे हे विष आहे. सोनेरी रंगाचे टवके उडालेला पिंजरा तर मुळीच घेऊ नये. लोखंडी जाळीला गंज लागू नये म्हणून जस्ताचा मुलामा देतात. नव्या जाळीवर त्याचे कण आणि थेंब असतात. तेही पोटात गेले तर बाधतात. म्हणून अशी नवी जाळी व्हिनेगर लावून ताठ ब्रशने घासावी, मग स्वच्छ पाण्याने धुवून उन्हात वाळवावी. त्याने धोका कमी होतो. स्टेनलेस स्टीलची जाळी सर्वांत चांगली, पण ती महाग असते.

८. दार, तळ आणि दांड्या

दार: वरखाली सरकणारे दार बजी चोचीने उचलू शकतो. ते मानेवर पडलेही असते. म्हणून दार बाजूला उघडणारे असावे. नाहीतर सरकत्या दाराला तारेचा आकडा लावावा.

तळ: खाली ओढून काढता येईल असा पत्रा असावा. त्यावर वर्तमानपत्राचा कागद घालावा आणि रोज बदलावा. ज्या पिंजऱ्याचा तळ निघत नाही तो नीट साफ होत नाही, आणि घाण राहिली की पाखरू आजारी पडते. साफ केल्यावर आपले हात साबणाने धुवावेत.

दांड्या: दुकानातल्या पिंजऱ्यात प्लॅस्टिकच्या गुळगुळीत, सारख्या जाडीच्या दांड्या असतात. पाखरू दिवसभर पायांवर उभे असते. झोपतेही उभ्यानेच. सारख्या जाडीच्या दांडीवर पायाचा एकच भाग सदा दाबला जातो आणि तिथे फोड येतात. म्हणून झाडाची खरी फांदी लावावी. एक बारीक, एक जाड. साधारण आपल्या बोटाएवढी, म्हणजे १ ते दीड सेंटीमीटर. पेरूची चांगली, कडुनिंबाची चांगली. औषध मारलेल्या झाडाची नको. कण्हेरीची आणि रुईची तर कधीच नको, कारण ती झाडे विषारी आहेत आणि बजी साल सोलून खातो.

दाण्याच्या आणि पाण्याच्या भांड्यावर दांडी लावू नये. का ते तुम्हीच ओळखा!

एका बाजूला समुद्रफेस टांगावा. तो काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. तो फेस नसून माकुल नावाच्या समुद्रातल्या प्राण्याच्या अंगातला पांढरा भाग असतो. त्यात चुना असतो. बजी तो खरवडून खातो.

९. पिंजरा कुठे ठेवावा?

चांगला पिंजरा वाईट जागी ठेवला तर काही उपयोग नाही.

चुलीजवळ नको. पाखराला धूर आणि विषारी वायू आपल्यापेक्षा फार लवकर बाधतो. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणीत मजूर पूर्वी कॅनरी नावाचे पाखरू पिंजऱ्यातून बरोबर नेत. खाणीत विषारी वायू असला तर आधी पाखरू खाली पडे आणि माणसे बाहेर पळत. १९८६ साली त्याच्या जागी यंत्रे आणायचे ठरले. म्हणून आपल्या घरातला चुलीचा, डासांच्या उदबत्तीचा आणि विडीचा धूर पाखराजवळ नको. न चिकटणारा तवा रिकामा फार तापला तर त्याच्या वायूनेही पाखरे मरतात.

दुपारच्या उन्हात नको. सकाळचे कोवळे ऊन थोडा वेळ चांगले, पण पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत हवा. म्हणजे पाखरू आपल्या मनाने जागा बदलते.

घराच्या मध्यावर टांगलेला नको. चारही बाजूंनी माणसे दिसली की पाखरू घाबरते. एक बाजू भिंतीला असावी आणि उंची मोठ्या माणसाच्या छातीएवढी असावी.

मांजर चढेल अशा जागी नको. सांडलेला दाणा रोज झाडावा. दाण्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप येतो. पिंजरा चार पायांवर ठेवला असेल तर प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी ठेवावी, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. आमच्या आजीने दुधाच्या कपाटाला अशाच वाट्या ठेवल्या आहेत. तिच्याकडूनच मी हे शिकले.

रात्री वरून पातळ सुती कापड टाकावे. पाखराला १० ते १२ तास अंधार आणि शांतता लागते. टीव्हीजवळ त्याला झोप येत नाही.

१०. आमचा नवा पिंजरा

पिवळी गेल्यावर हिरवा बोलेनासा झाला. पिंजऱ्याचे काम होईपर्यंत आम्ही त्याला एका मोठ्या लाकडी खोक्यात ठेवले होते. त्याला पुढून जाळी लावली होती. तो कोपऱ्यात पिसे फुगवून बसायचा. दाणे कमी खायचा. मला वाटायचे की हाही जाणार.

बाबांनी घरच्या फळ्या काढल्या. सुतारकाकांनी पिंजरा केला. लांबी ९० सेंटीमीटर, रुंदी ४५ सेंटीमीटर, उंची ६० सेंटीमीटर. जाळी अर्धा इंचाची, म्हणजे सुमारे १२ मिलिमीटरची. दोन पेन्सिली लावून मी स्वतः सगळीकडून तपासली. जाळी घासायला मला एक पूर्ण रविवार लागला. काकांनी विचारले, "रंग कुठला देऊ?" मी म्हणाले, "कुठलाच नको काका." ते हसले. मग मी त्यांना का नको ते सांगितले.

आता गणित करू. ९० गुणिले ४५ म्हणजे ४०५० चौरस सेंटीमीटर. जुन्या पिंजऱ्याची जागा ६१५. म्हणजे नवा पिंजरा सहा पटींहून मोठा झाला.

हिरव्याला त्यात सोडले तेव्हा पहिला दिवस तो एका दांडीवरच बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. मी सारखी जाऊन बघायचे. आबा म्हणाले, "त्याच्या तोंडाशी उभी राहू नकोस. लांब बस." तिसऱ्या दिवशी आम्ही पडवीत जेवत होतो. तेवढ्यात आवाज आला, भुर्र! सगळ्यांनी वळून बघितले. हिरवा त्या टोकाच्या दांडीवर होता. मग परत भुर्र! तो या टोकाला आला. आबांनी घास खाली ठेवला. ते काही बोलले नाहीत, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते.

डॉक्टर म्हणाले होते की बजी हे थव्याचे पाखरू आहे, त्याला एकटे ठेवू नये. म्हणून मामाने ओळखीच्या घरातून एक निळी मादी आणून दिली. आता दोघे सकाळी इतका कलकलाट करतात की मला गजर लावावा लागत नाही. त्यांना राळा, बाजरी, वरी आणि धुतलेली कोथिंबीर देतो. पाणी रोज बदलतो. पिंजऱ्यात मडके ठेवले नाही. मडके ठेवले की बजी अंडी घालतात, आणि इतक्या पिल्लांना आमच्याकडे जागा नाही.

११. पोपटाचा पिंजरा कोणता घ्यावा?

हे वाचून कुणी विचारील, "मग आपल्या रानातल्या पोपटासाठी किती मोठा पिंजरा करावा?" आपल्या वर्गातल्या एका मित्राने मला खरेच विचारले. पोपट उन्हाळ्याच्या आधी झाडाच्या ढोलीत पिल्ले घालतात. त्याने ढोली हेरून ठेवली होती.

याचे उत्तर असे आहे. आपल्या पोपटासाठी कोणताच पिंजरा नको. का नको? पहिले कारण, आपल्या देशात १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आपल्या रानातले पोपट, मैना, मुनिया पकडणे, विकणे आणि पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. बजी हे परदेशातले आणि पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेले, म्हणून ते पाळता येतात. दुसरे कारण आबांच्या पोपटाचे. ते मी वर लिहिलेच आहे. मी त्या मित्राला आबांकडे नेले. आबांनी त्याला सगळी गोष्ट सांगितली. तो ढोलीकडे गेला नाही. आता तो लांबून तिच्यावर लक्ष ठेवणार आहे आणि पुढच्या अंकात त्यावर लिहिणार आहे.

आणखी एक मैत्रीण म्हणाली, "एवढी दया येते तर तुझे बजी सोडून का देत नाहीस?" मी तिचा राग केला नाही. प्रश्न चांगला होता. मी डॉक्टरांना विचारला. ते म्हणाले, या पाखरांना इथले रान माहीत नाही. दाणा कुठे शोधावा, शिक्रा आणि कावळ्यापासून कसे पळावे, हे त्यांना कुणी शिकवले नाही. सोडले तर ती थोड्याच दिवसांत मरतील. म्हणून ज्यांनी अशी पाखरे आणली त्यांनी ती नीट सांभाळावीत. आणि ज्यांना मोठा पिंजरा ठेवायला जागा नाही त्यांनी ती आणूच नयेत. अंगणात पाण्याचे भांडे ठेवले तर कितीतरी पाखरे आपणहून येतात. त्यांना पिंजरा लागत नाही.

१२. थोडक्यात

(१) दोन पेन्सिली सळ्यांतून जाऊ नयेत.
(२) फूटपट्टी आत आडवी धरून सगळीकडे फिरली पाहिजे.
(३) लांबी तीन पट्ट्या असावी. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची.
(४) पिंजरा चौकोनी असावा, गोल नको.
(५) गंज, रंग आणि टवके नकोत.
(६) दाराला आकडा, तळाला निघणारा पत्रा.
(७) खऱ्या फांदीच्या दांड्या, दोन जाडीच्या.
(८) धूर, दुपारचे ऊन, मांजर, उंदीर आणि मुंग्या यांच्यापासून दूर.
(९) बजी एकटा ठेवू नये.
(१०) रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवू नये.

सांगा पाहू?

(अ) एका पिंजऱ्याची लांबी ६० सेंटीमीटर आणि रुंदी ४० सेंटीमीटर आहे. तळाची जागा किती?
(आ) तो आबांच्या पिंजऱ्यापेक्षा मोठा की लहान?
(इ) दाण्याच्या भांड्यावर दांडी का लावू नये?

ज्यांच्या घरी पिंजरा आहे त्यांनी आज फूटपट्टी आणि दोन पेन्सिली घेऊन मोजून बघावे. मोजमाप कमी भरले तर मला सांगा, लाजू नका. माझेही कमीच भरले होते. सुतारकाका म्हणाले आहेत की कुणाला पिंजरा करायचा असेल तर ते माप समजावून सांगतील.

आबांचा जुना पिंजरा आता शाळेत आहे. आबांनी त्याचे दार काढून टाकले. गुरुजींनी त्यात माती भरून मनीप्लँटची वेल लावली आहे. तो व्हरांड्यात या फळ्याच्या उजव्या हाताला टांगला आहे. बघून जा.

— इयत्ता ४ थी, हजेरी क्रमांक ११